पन्नास मिनिटांचे विमान आणि उतरण्याचा हिशेब

विजेवर चालणाऱ्या छोट्या विमानाचा विषय वर्गात निघाला, की एक प्रश्न हटकून येतो : “सर, जेमतेम पन्नास मिनिटे उडणाऱ्या विमानाचा उपयोग तो काय?” प्रश्न रास्त आहे. पुण्याहून निघून नागपूरही ज्याला गाठता येत नाही, त्याला विमान कशाला म्हणायचे? परंतु विद्यार्थी मित्रांनो, कोणत्याही यंत्राची योग्यता ठरवताना ते कोणत्या कामासाठी केले आहे हे आधी विचारावे लागते. शिवणयंत्राने मळणी होत नाही म्हणून कोणी शिवणयंत्राला नावे ठेवत नाही. मला या लेखात एवढेच सांगायचे आहे, की आजच्या विजेच्या विमानाची परीक्षा ते किती दूर जाते यावरून न घेता ते कसे उतरते यावरून घ्यावी. त्या परीक्षेत ते उत्तीर्ण होईल की नाही, हे मात्र एकाच गोष्टीवर ठरेल : उतरण्याचा पहिला प्रयत्न फसला, तर दुसऱ्या प्रयत्नापुरती वीज राखून ठेवली आहे काय?

हे विमान कोणते?

माणसाला घेऊन केवळ बॅटरीच्या बळावर उडालेले पहिले विमान म्हणून ज्याची नोंद होते, ते ऑस्ट्रियात १९७३ साली उडाले. मोटर-ग्लायडरचे इंजिन काढून तेथे विजेची मोटर बसवली होती, आणि निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्यांवर ते काही मिनिटेच हवेत राहिले. त्यानंतर जवळजवळ अर्धे शतक गेले. १० जून २०२० रोजी स्लोव्हेनिया देशातील पिपिस्ट्रेल या कंपनीच्या ‘वेलिस इलेक्ट्रो’ या दोन आसनी विमानाला युरोपीय संघाच्या विमान-सुरक्षा संस्थेने नमुना-प्रमाणपत्र दिले. असे प्रमाणपत्र मिळालेले विजेवरचे हे जगातील पहिले विमान. आपण आपला हिशेब त्याच्याच आधाराने करू.

या विमानाचे भारासह वजन जास्तीत जास्त ६०० किलोग्रॅम असते. पंखांचा विस्तार पावणेअकरा मीटरच्या आसपास आहे. उड्डाणाच्या वेळी मोटर सुमारे ५७ किलोवॉट शक्ती देते आणि सतत चालवायची तर ४९ किलोवॉटपर्यंत. बॅटऱ्या दोन, प्रत्येकी सुमारे ७० किलोग्रॅमच्या. एक नाकात आणि एक बसण्याच्या जागेच्या मागे. दोघींमध्ये मिळून वीस किलोवॉट-तासांहून थोडी अधिक वीज मावते. किलोवॉट-तास म्हणजे तुमच्या घरच्या वीजबिलातले एक युनिट. आपण सोयीसाठी वीस युनिट धरू. थोडक्यात, या विमानाच्या पोटात एखाद्या बेताच्या घराला तीन-चार दिवस पुरेल एवढीच वीज असते.

आता त्याची पेट्रोलशी तुलना करा. एक किलो पेट्रोल जाळले तर सुमारे १२ युनिट उष्णता मिळते. इंजिन त्यातली पाव हिश्शाच्या आसपास उपयोगात आणते असे मानले, तरी तीन युनिट हाती लागतात. बॅटरीच्या एका किलोत मात्र युनिटाचा सातवा हिस्सा! म्हणजे वजनाच्या मानाने पेट्रोल वीसपट सरस. हे सत्य लपवून ठेवण्यात अर्थ नाही. विजेचे विमान दूरच्या प्रवासाला आज का निघत नाही, त्याचे उत्तर या एका भागाकारात आहे.

उतरणे घोटून शिकावे लागते

मग हे विमान कशासाठी? शिकण्यासाठी. आणि वैमानिक व्हायला निघालेला विद्यार्थी सर्वांत जास्त वेळ कशावर घालवतो ठाऊक आहे? उतरण्यावर. सरळ उडणे तो काही तासांत शिकतो. परंतु सहाशे किलोचे यंत्र ताशी शंभरावर वेगाने जमिनीजवळ आणून ते अलगद टेकवणे, ही गोष्ट पाढ्यांसारखी घोटावीच लागते.

त्यासाठी धावपट्टीभोवती फेऱ्या मारतात. विमान उठते, वर चढत एक वळण घेते, सुमारे ३०० मीटर उंचीवर पोहोचून धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने जाते, मग उतरू लागते, आणखी दोन वळणे घेऊन धावपट्टीच्या रेषेत येते आणि टेकते. टेकल्याबरोबर पुन्हा वेग घेऊन उठते. अशी एक फेरी पाच-सहा मिनिटांची. साऱ्या वेळात विमान धावपट्टीपासून दोन-तीन किलोमीटरांपलीकडे जातच नाही. ज्याला घराच्या अंगणातच खेळायचे आहे, त्याला लांबच्या प्रवासाची शिदोरी काय करायची? पन्नास मिनिटांचा आक्षेप येथे बराचसा विरघळतो.

बराचसा म्हणालो, पूर्ण नव्हे. का, ते पाहण्यासाठी थोडे गणित करावे लागेल. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकाबाहेरचे त्यात काही नाही.

उंची म्हणजे किती युनिट?

६०० किलोग्रॅमचे विमान ३०० मीटरवर आहे. त्याची स्थितिज ऊर्जा किती? वस्तुमान, गुरुत्वत्वरण आणि उंची यांचा गुणाकार : ६०० × ९.८ × ३००, म्हणजे सुमारे १७ लाख ६४ हजार ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. तेव्हा एवढे मोठे विमान, दोन माणसांसह, कुतुबमिनाराच्या चौपट उंचीवर नेण्यात साठलेली ऊर्जा अवघी अर्धा युनिट आहे! प्रथमदर्शनी विश्वास बसत नाही, पण आकडे पुन्हा तपासून पाहा.

आता गतिज ऊर्जा. उतरतानाचा वेग ताशी ११० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला साधारण साडेतीस मीटर धरू. वस्तुमानाच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणले, की सुमारे २ लाख ८० हजार ज्यूल येतात. ही ऊर्जा फक्त ४७ मीटर उंचीइतकी आहे. उंची हे बँकेतले मोठे खाते, तर वेग हा खिशातला सुटा पैसा असे म्हणा. उतरणे म्हणजे ही दोन्ही खाती धावपट्टीच्या एका ठरावीक जागी, एकाच वेळी रिकामी करणे. आधी रिकामी झाली तर विमान धावपट्टीच्या अलीकडे पडेल. शिल्लक राहिली तर पलीकडे जाईल.

हा हिशेब चुकला तर काय, आणि साधला तर काय, याचे एक प्रसिद्ध उदाहरण आहे. २३ जुलै १९८३ रोजी कॅनडात एका मोठ्या बोइंग ७६७ विमानाचे इंधन बारा किलोमीटरांहून अधिक उंचीवर असताना संपले. कारण ऐकून तुम्हाला परीक्षेतली एककांची चूक आठवेल : इंधन भरताना किलोग्रॅमच्या जागी पौंडांचा हिशेब धरला गेला होता. दोन्ही इंजिने बंद पडली. कप्तान रॉबर्ट पीअर्सन यांना ग्लायडर उडवण्याचा अनुभव होता. त्यांनी विमान घसरत घसरत गिमली येथील जुन्या विमानतळापर्यंत आणले. तेथे पोहोचताना उंची जरुरीपेक्षा जास्त होती. तेव्हा त्यांनी विमान हवेत तिरके धरून मुद्दाम रोध वाढवला, जास्तीची उंची घालवली आणि विमान उतरवले. विमानातील सर्व ६९ जण वाचले. पण लक्षात घ्या, पीअर्सन यांना एकच संधी होती. दुसऱ्या प्रयत्नासाठी त्यांच्याजवळ काहीही शिल्लक नव्हते. या मुद्द्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

उताराचे गणित

वेलिस इलेक्ट्रोची मोटर बंद केली, तर ते शांत हवेत एक मीटर खाली येताना सुमारे पंधरा मीटर पुढे जाते. ग्लायडरच्या कुळातले असल्यामुळे त्याचे पंख लांब आणि अंग गुळगुळीत आहे. पंधरास एक या प्रमाणातून रोधही काढता येतो : विमानाचे वजन ५,८८० न्यूटन, त्याचा पंधरावा भाग म्हणजे सुमारे ४०० न्यूटन. पंख खाली झुकवणारी पाती, ज्यांना फ्लॅप म्हणतात, ती उघडली की रोध वाढतो आणि उतार अधिक तीव्र होतो.

उतरताना वैमानिकाच्या हाती मुख्यतः दोन गोष्टी असतात. एका हाताने तो विमानाचे नाक वर-खाली करतो, दुसऱ्याने मोटरची शक्ती कमी-जास्त करतो. शिकाऊ वैमानिकाला अनेक ठिकाणी असे सांगतात : नाकाने वेग सांभाळ, शक्तीने उतार सांभाळ. आपल्या साध्या बुद्धीला हे उलटे वाटते. धावपट्टी दूर आहे आणि आपण खाली चाललो आहोत असे दिसले, की नवशिक्याचा हात आपोआप नाक वर उचलू पाहतो. वाटते, नाक वर केले की विमान लांब जाईल. घडते भलतेच. नाक उचलल्याने वेग कमी होतो. वेग फार कमी झाला की विमान हवेत रेटायला जास्त रोध सोसावा लागतो. पंधरास एकचे प्रमाण घसरते आणि विमान आणखीच अलीकडे उतरू लागते. तरीही नाक उचलतच राहिले, तर एका क्षणी पंखांवरचा हवेचा प्रवाह सुटतो आणि पंख भार पेलेनासे होतात. याला स्टॉल म्हणतात. हजार मीटरवर स्टॉल झाला तर नाक खाली करून वेग परत मिळवता येतो. पन्नास मीटरवर तेवढी उंची कोठून आणणार?

म्हणून कमी पडणाऱ्या उंचीवर खरा उपाय एकच : शक्ती देणे. म्हणजेच बॅटरीतून ऊर्जा काढून खात्यात भरणे. उतरण्यासाठी वीज कशाला लागते, असे कोणी विचारले तर हे त्याचे उत्तर.

वेग थोडाच जास्त झाला तर?

उलट बाजूची चूकही पाहू. भीतीपोटी वैमानिकाने ११० ऐवजी १२१ चा वेग ठेवला, म्हणजे दहा टक्के जास्त. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ती २१ टक्के वाढते, म्हणजे सुमारे ५९ हजार ज्यूल जास्त. ही जादा ऊर्जा कोणी खायची? ४०० न्यूटनचा रोध तिला खाईल. ५९ हजाराला ४०० ने भागा : सुमारे १४७ मीटर. तेवढे अंतर विमान जमिनीवर हातभर उंचीवरून तरंगतच राहील, टेकणार नाही. फ्लॅप उघडे असतील तर हे अंतर थोडे कमी होईल. परंतु जमिनीच्या अगदी जवळ, पंखांच्या विस्ताराहून कमी उंचीवर आले की रोधाचा एक भाग घटतो, त्यामुळे तरंगणे पुन्हा लांबते. दहा टक्क्यांच्या चुकीला दीडशे मीटर धावपट्टीचा दंड! गुळगुळीत अंगाचे विमान ही उडताना देणगी असते, उतरताना तीच शिस्त मागते.

या तरंगण्याला कंटाळून विमान जबरदस्तीने टेकवू गेले, की ते उसळी घेते. अशा वेळी शहाणा वैमानिक काय करतो? तो उतरण्याचा हट्ट सोडतो, पूर्ण शक्ती देतो, पुन्हा वर चढतो आणि नवी फेरी मारून नव्याने उतरतो. वैमानिकांच्या भाषेत याला गो-अराउंड म्हणतात. आपण याला ‘पुन्हा उठणे’ म्हणू. याला हार किंवा नामुष्की समजणे ही घातक समजूत आहे.

विजेने काय बदलते?

काही गोष्टी निश्चितच सोप्या होतात. पेट्रोल जळते तसे विमान हलके होत जाते आणि त्याचा योग्य वेगही थोडा बदलतो. बॅटरी रिकामी झाली तरी तिचे वजन तेवढेच राहते. पहिल्या फेरीला आणि शेवटच्या फेरीला विमान सारखेच वागते. शिकणाऱ्याला यासारखी सोय नाही. कार्बोरेटर असलेले इंजिन दमट हवेत मंद ठेवून उतरताना त्यात बर्फ धरण्याचा धोका असतो. येथे कार्बोरेटरच नाही. पुन्हा उठताना इंजिन गुदमरण्याची भीती नाही. हात पुढे केला की मोटर तत्काळ जोर देते. जमिनीवर खोळंबून राहावे लागले तर प्रॉपेलर थांबवून ठेवता येतो, वीज वाया जात नाही. शिवाय आवाज कमी. दिवसभर त्याच त्या फेऱ्या सोसणाऱ्या विमानतळाशेजारच्या गावाला हा लाभ विद्यार्थ्यापेक्षाही मोठा वाटेल.

उतरताना बॅटरी भरते का?

येथे मात्र एका गोड गैरसमजाला मी विरोध करू इच्छितो. विजेच्या मोटारीत ब्रेक लावला की थोडी वीज बॅटरीत परत जाते, हे तुम्ही वाचले असेल. मग विमान उतरताना हवेने प्रॉपेलर फिरेल, मोटर जनित्र बनेल आणि बॅटरी भरेल, असे पुष्कळांना वाटते. पिपिस्ट्रेलच्याच ‘अल्फा इलेक्ट्रो’ या आधीच्या विमानात तशी योजना होती. तत्त्व खरे आहे. पण रक्कम किती?

३०० मीटर उंचीचे आपल्याजवळ अर्धा युनिट आहे. पंधरास एकच्या उताराने घसरलो, तर ते सारे रोधच खाऊन टाकतो. जनित्राला कपर्दिकही उरत नाही. मोठी प्रवासी विमाने तीन अंशांच्या, म्हणजे एकोणीसास एकच्या उताराने उतरतात. त्या उताराने आपले विमान आणायचे तर उलट थोडी शक्तीच द्यावी लागेल! उतार दुप्पट तीव्र, साडेसातास एक केला, तर निम्मी ऊर्जा, म्हणजे पाव युनिट प्रॉपेलरला मिळू शकेल. ती वीज होऊन बॅटरीत जाईपर्यंत निम्मी गळाली असे धरले, तर उरते युनिटाच्या दशांशाहून किंचित जास्त. एका पूर्ण फेरीला लागणाऱ्या विजेचा हा विसावा हिस्साही नव्हे. प्रॉपेलरचा असा उपयोग हवेतला ब्रेक म्हणून, उतार आवरण्यासाठी होऊ शकेल. त्याला कमाई समजून हिशेबात धरणे मात्र चूक आहे. फुकटच्या विजेवर भरवसा ठेवून कोणी राखीव साठा कमी करू लागला, तर त्याला हे आकडे दाखवा.

शेवटच्या फेरीचा प्रश्न

आता मूळ मुद्दा. एका फेरीला किती वीज लागते? चढताना ५० किलोवॉटप्रमाणे दोन मिनिटे, म्हणजे सुमारे १.७ युनिट. मग समांतर उडताना २० किलोवॉटप्रमाणे तीन मिनिटे, म्हणजे एक युनिट. उतरताना नगण्य. एकूण २.७ युनिट. वीस युनिटांना सात फेऱ्या. सातवी फेरी संपते तेव्हा बॅटरीत जवळजवळ काही नाही. समजा नेमक्या त्याच वेळी विमान जास्त वेगाने आले, तरंगले, उसळले. किंवा धावपट्टीवर ऐन वेळी एखादे जनावर आले. वैमानिकाने पुन्हा उठायचे ठरवले. उठणार कशाच्या बळावर?

हा प्रश्न पेट्रोलच्या विमानालाही आहेच. परंतु विजेत एक वेगळी मेख आहे. टाकीतल्या शेवटच्या लिटरची ताकद पहिल्या लिटरएवढीच असते. बॅटरीचे तसे नाही. ओहमच्या नियमातून तुम्हाला ठाऊक आहे, की घटाला अंतर्गत रोध असतो. घटातून विद्युत्प्रवाह काढला की त्याच्या टोकांवरचा दाब घटतो. शिवाय घट जसा रिकामा होतो तसा त्याचा मूळ दाबही उतरतो. समजा भरलेली बॅटरी ३५० व्होल्ट देते, तर ५० किलोवॉटसाठी १४३ अँपिअर प्रवाह लागेल. दाब ३०० व्होल्टवर आला, तर तेवढ्याच शक्तीसाठी १६७ अँपिअर लागतील. आणि आत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे ती एक-तृतीयांशाहून अधिक वाढेल. थंडीत अंतर्गत रोध जास्त, जुन्या बॅटरीतही जास्त. म्हणजे पुन्हा उठण्याची पाळी उड्डाणाच्या शेवटी येते, ती मागते पूर्ण शक्ती, आणि नेमकी तेव्हाच बॅटरी सर्वांत दुबळी असते.

म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की शिकाऊ वैमानिकाला बॅटरीची शिल्लक टक्क्यांत किंवा मिनिटांत मोजायला शिकवू नये. ती ‘अजून किती वेळा पुन्हा उठता येईल’ या मापाने मोजायला शिकवावी. तीस टक्के या आकड्याने मनाला काहीच बोध होत नाही. ‘दोन वेळा’ म्हटले की होतो. दोन फेऱ्यांचे साडेपाच युनिट आधीच बाजूला काढले, तर वीसपैकी साडेचौदा उरतात, म्हणजे पाच फेऱ्या. पाचवी फेरी उतरली की खाली थांबायचे, बॅटरीत वीज दिसत असली तरीही. सातऐवजी पाच फेऱ्या हा तोटा आहे असे कोणी म्हणेल. माझ्या मते त्या दोन फेऱ्या वाया गेल्या नाहीत. त्यांनी वैमानिकाला डोके शांत ठेवून ‘हे उतरणे जमले नाही, पुन्हा करतो’ असे म्हणण्याची मोकळीक विकत घेऊन दिली. ज्याच्याजवळ दुसरी संधी नाही, तो पहिली संधी वाईट असली तरी तिलाच चिकटून बसतो. अपघाताला वाट येथून मिळते.

दुसरी बाजूही ऐकली पाहिजे. दिवसा, डोळ्यांनी पाहून करायच्या उड्डाणात अर्ध्या तासाचे इंधन शिल्लक हवे, अशी विमानविद्येतली जुनी रीत आहे. विजेच्या विमानाला ती तशीच लावली, तर निम्मी बॅटरी राखीव ठेवण्यातच जाईल. यावर काही जण म्हणतात, नियम सैल करा. काही म्हणतात, असले विमानच नको. मला दोन्ही टोके पटत नाहीत. अर्धा तास का ठेवला? वाट चुकली, हवा बिघडली, दुसरा विमानतळ गाठावा लागला, तर असावा म्हणून. जे विमान धावपट्टी नजरेआड होऊच देत नाही, त्याची गरज वेगळी आहे. तेव्हा राखीव साठा घड्याळावरून न ठरवता कामावरून ठरवावा. पण एकदा ठरला, की विमान अधिक वेळ उडते असे जाहिरातीत दाखवण्यासाठी त्याला कोणी हात लावता कामा नये.

आपल्याकडे हे विमान आले तर

हा विषय आपल्यापासून फार दूरचा राहिलेला नाही. बंगळूरच्या नॅशनल एअरोस्पेस लॅबोरेटरीजने ‘हंसा’ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान पूर्वीच तयार केले आहे. त्याचा विजेवर चालणारा अवतार, ‘ई-हंसा’, तेथे विकसित केला जाईल असे २०२५ मध्ये जाहीर झाले. उद्या असे विमान गोंदिया किंवा बारामतीच्या धावपट्टीवर मे महिन्यात उतरू लागले, तर युरोपातले आकडे जसेच्या तसे चालणार नाहीत. तापमान १५ अंशांवरून ४० अंशांवर गेले, की त्याच दाबाला हवेची घनता सुमारे आठ टक्क्यांनी कमी होते. विरळ हवेत तेवढेच वजन पेलायला वेग चार टक्के जास्त लागतो, आणि टेकताना गतिज ऊर्जा आठ-नऊ टक्क्यांनी जास्त असते. धावपट्टी जास्त लागते, चढणे मंदावते, बॅटरी थंड ठेवणे कठीण होते. म्हणजे पुन्हा उठण्याची किंमत आपल्याकडच्या उन्हाळ्यात वाढते. हे मोजमाप येथल्या हवेत, येथल्या अभियंत्यांनीच करावे लागेल. तुमच्यापैकी काही जण त्या वेळी ते करत असतील.

वर्गात करून पाहण्यासारखे

शिक्षकांना एक विनंती. ऊर्जा-अक्षय्यतेचा नियम आपण घरंगळणाऱ्या चेंडूवर शिकवतो, आणि मुले तो पाठ करून विसरतात. एखादा तास या विमानाला द्या. जाड कागदाचे विमान टेबलाच्या उंचीवरून हलकेच सोडा, ते किती पुढे जाते ते मोजा, उंचीने भागा. हे त्याचे घसरण-प्रमाण. शेपटीचा कागद थोडा वर दुमडून नाक उचला आणि पुन्हा मोजा. जास्त दुमडल्यावर ते लांब जात नाही, उलट डुचमळून अलीकडेच पडते, हे मुलांना डोळ्यांनी दिसेल.

दुसरा प्रयोग : विजेरीचा एक नवा आणि एक बराच वापरलेला घट घ्या. नुसता व्होल्टमापक जोडला, तर वापरलेला घटही बरा दाब दाखवतो. आता घटाला विजेरीचा दिवा जोडून दाब पुन्हा मोजा. वापरलेल्या घटाचा दाब चटकन खाली येतो. काम मागितल्याशिवाय घटाची खरी शिल्लक कळत नाही, हा धडा वैमानिकाला जितका लागू आहे तितकाच खेड्यात रात्री विजेरी घेऊन निघणाऱ्यालाही.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यासाठी एक उदाहरण सोडून ठेवतो. बॅटरी जुनी होऊन वीसऐवजी सोळाच युनिट मावू लागले आहेत. उन्हाळ्यामुळे एका फेरीला २.७ ऐवजी ३ युनिट लागतात. दोन वेळा पुन्हा उठता येईल एवढी वीज राखायची आहे. तर सकाळच्या पाठात किती फेऱ्या माराव्यात? आकडा पूर्णांकात येणार नाही. तो वरच्या पूर्णांकाकडे न्यायचा की खालच्या, आणि का, तेही वहीत लिहा. “पन्नास मिनिटांच्या विमानाचा उपयोग काय?” असे पुढच्या वेळी कोणी विचारले, तर त्याला ती वही दाखवा.